बॉनफायर नाइटचा पार्किन: यॉर्कशायरमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी

ऑक्टोबर अर्धा सरला की लीड्स-ब्रॅडफर्डकडच्या ऑफिसांत आणि शाळांच्या फाटकांवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: यंदा पार्किन कोण करतंय? नव्याने आलेली मराठी मंडळी अशा वेळी हसून मान डोलावतात आणि घरी येऊन शोधाशोध करतात. मग एका पाककृतीत ओट्स सापडतात, दुसरीत ओटमील, तिसरीत अमेरिकन कपांची मापं. वर 'ट्रीकल' नावाचं काहीतरी, जे आपल्या स्वयंपाकघरात कधी आलेलंच नसतं.

करायला हा केक फार सोपा आहे. फेटणं नाही, क्रीम नाही, वरची नक्षी नाही. घोटाळा होतो तो दोनच जागी. एक म्हणजे दुकानात चुकीचं पाकीट उचललं जातं. दुसरं म्हणजे ओव्हनमधून काढल्या काढल्या खाल्ला जातो आणि मग "एवढं काय कौतुक आहे याचं?" असं वाटतं. पार्किन मुरल्याशिवाय पार्किन होत नाही. बाकी पायऱ्या थोड्या मागेपुढे झाल्या तरी निभावून जातं, याला मात्र पर्याय नाही.

आधी थोडी ओळख

पार्किन म्हणजे ओटमील, सुंठ आणि काळा ट्रीकल घालून केलेला बुटका, गडद तपकिरी, चिकटसर केक. चौकोनी टिनात भाजायचा, चौकोनी तुकडे करायचे. हा उत्तर इंग्लंडचा पदार्थ, मुख्यतः यॉर्कशायर आणि लँकेशायरचा. इकडच्या थंड, ओल्या हवेत गव्हापेक्षा ओट बरं पिकायचं, त्यामुळे साध्या माणसांच्या घरातली भाकरी आणि पेज दोन्ही ओटचीच असायची. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा असले केक तापवलेल्या दगडावर किंवा लोखंडी तव्यावर भाजत. साखर महाग होती. ती शुद्ध करताना मागे उरणारा काळा पाक, म्हणजे ट्रीकल, स्वस्त होता. गोडीसाठी तोच वापरला गेला. ही साखर कॅरिबियन बेटांवर गुलामांना राबवून पिकवलेली होती, आणि लिव्हरपूल, लँकेस्टर ही उत्तरेचीच बंदरं त्या व्यापारावर गब्बर झाली, हेही जाता जाता माहीत असू द्यावं.

५ नोव्हेंबरशी, म्हणजे बॉनफायर नाइटशी (शेकोटीच्या रात्रीशी), याची गाठ पक्की आहे. १६०५ साली याच दिवशी लंडनमध्ये संसद उडवून देण्याचा कट उघडकीला आला. तळघरात बंदुकीच्या दारूच्या पिंपांजवळ पकडला गेलेला गाय फॉक्स हा मूळचा यॉर्कचा. पुढच्याच वर्षी कायदा करून हा दिवस देवाचे आभार मानण्याचा ठरवला गेला. तो कायदा १८५९ मध्ये रद्द झाला, पण त्या रात्री शेकोट्या पेटवून त्यांवर गाय फॉक्सचा पुतळा जाळायची पद्धत काही थांबली नाही. गाय फॉक्स यॉर्कच्या ज्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे मात्र त्याचा पुतळा जाळत नाहीत. शाळेचा माजी विद्यार्थी आहे ना! बाकी उत्तरेत त्या रात्री शेकोटी, फटाके, वाटाण्यांच्या लगद्यासोबत 'पाई' (सारण भरून भाजलेली पेस्ट्री), ट्रीकलची टणक टॉफी आणि पार्किन असा थाट असतो.

आपल्याला हे सगळं ओळखीचं वाटतं, कारण दिवाळी याच्या आगेमागेच येते. २०२१ मध्ये लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला आलं होतं, तर २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरातच आटोपली. फटाक्यांच्या कायद्यातही दोघांची सोय आहे. इंग्लंडमध्ये एरवी रात्री ११ नंतर फटाके वाजवायला बंदी असते. ५ नोव्हेंबरला मध्यरात्रीपर्यंत आणि दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत मुभा मिळते.

१. तारीख ठरवा आणि उलटं मोजा

पार्किन ५ तारखेला खायचा असेल तर ३० किंवा ३१ ऑक्टोबरला भाजून झाला पाहिजे. पाच-सहा दिवस मुरला की तो उत्तम लागतो. तीन दिवस ही कमीत कमी मर्यादा धरा. आदल्या रात्री करायचा विचार असेल तर सरळ विकत आणा, किंवा दुसरा एखादा केक करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सवड काढणं सगळ्यात सोयीचं. त्याच सुमारास घड्याळं एक तास मागे जातात, संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो आणि ओव्हन लावून घरात बसावंसं वाटतंच.

२. सामानाची यादी

२० सेंटिमीटर चौकोनी टिनासाठी (१६ तुकडे):

- मिडियम ओटमील: २०० ग्रॅम
- सेल्फ रेझिंग फ्लार: १५० ग्रॅम
- लोणी: १२५ ग्रॅम
- सॉफ्ट ब्राउन शुगर: १०० ग्रॅम
- गोल्डन सिरप: १५० ग्रॅम
- ब्लॅक ट्रीकल: १०० ग्रॅम
- सुंठ पूड: ३ चहाचे चमचे (सपाट)
- मिक्स्ड स्पाइस: १ चहाचा चमचा
- खायचा सोडा: अर्धा चहाचा चमचा
- मीठ: चिमूटभर
- अंडं: १
- दूध: ७५ मिलिलिटर

चमचा म्हणजे मापाचा ५ मिलिलिटरचा चमचा. आपल्या डब्यातला मसाल्याचा चमचा नव्हे. त्याचं माप घराघरात वेगळं असतं, आणि सोड्याच्या बाबतीत तेवढा फरकही जाणवतो.

अंडं चालत नसेल तर त्याऐवजी ६० ग्रॅम घट्ट दही घ्या, दूध तेवढंच ठेवा. तुकडा किंचित जास्त दाट होतो. पार्किनला ते शोभतंच. हा स्पंज केक नव्हे, त्यामुळे अंड्यावाचून इथे फारसं अडत नाही.

३. दुकानात फसायच्या जागा

ही पायरी शांतपणे वाचा. उरलेला सगळा पार्किन हिच्यावर अवलंबून आहे.

*ओटमील आणि ओट्स.* आपण भारतात ज्याला ओट्स म्हणतो ते चपटे केलेले, पोह्यांसारखे दाणे. इथे त्यांना पॉरिज ओट्स किंवा रोल्ड ओट्स म्हणतात आणि दुकानात त्यांचेच ढीग असतात. पार्किनला लागतं ते ओटमील, म्हणजे ओटचा भरडा. तो जाडीप्रमाणे मिळतो: पिनहेड सगळ्यात जाड, मग मिडियम, मग फाइन. आपल्याला मिडियम हवा; चिमटीत धरला तर साधारण जाड रव्यासारखा लागतो. मॉर्नफ्लेकचं मिडियम ओटमील सुपरमार्केटात मिळतं. नाश्त्याच्या पाकिटांच्या रांगेत खालच्या फळीवर शोधा. तिथे नसेल तर पिठांच्या रांगेत जा. अगदीच मिळालं नाही तर पॉरिज ओट्स मिक्सरमध्ये दोन-तीनदा थांबत थांबत फिरवून रवाळ करा. पूड होऊ देऊ नका. मात्र हा दुय्यम मार्ग आहे. चपटे ओट्स आधी वाफवलेले असतात, त्यामुळे लवकर गळतात आणि दाताखाली येणारा तो बारीक कणीदारपणा राहत नाही. आख्खे ओट्स तसेच घातलेत तर होतो तो फ्लॅपजॅकचा (ओट्स आणि सिरपच्या वड्यांचा) चुलतभाऊ, पार्किन नाही.

*ट्रीकल.* लाइल्स कंपनीचा ४५४ ग्रॅमचा लाल डबा म्हणजे ब्लॅक ट्रीकल. तिचाच हिरवा-सोनेरी डबा म्हणजे गोल्डन सिरप. त्याच्यावर मेलेला सिंह आणि मधमाश्या असं काहीसं विचित्र चित्र असतं. बायबलमधल्या कथेतलं आहे. दोन्ही घ्या. एकाची जागा दुसरा भरून काढत नाही. ट्रीकल कडवट, काळा, दाट. सिरप नुसता गोड. हेल्थ शॉपमध्ये 'ब्लॅकस्ट्रॅप मोलॅसेस' नावाची बाटली मिळते, तिच्या वाटेला जाऊ नका. ट्रीकलपेक्षा ती बरीच कडू असते आणि १०० ग्रॅम घातली तर केकला औषधाची चव येते.

काकवी घरात असेल तर? इथल्या भारतीय दुकानांत कधीकधी मिळते. चवीला छान, पण पातळ आणि सौम्य. सिरपच्या जागी चालून जाईल, ट्रीकलच्या जागी नाही. गूळ मात्र ब्राउन शुगरच्या जागी बिनधास्त घाला. किसून घ्या, लोण्यात वितळला की एकदा गाळून घ्या. चव थोडी खारट-खमंग होते. मला आवडते, यॉर्कशायरच्या आज्यांना बहुधा आवडणार नाही.

*मसाला.* सुंठ हा पार्किनचा कणा. इथे तिला ग्राउंड जिंजर म्हणतात. भारतीय दुकानातली सुंठ पूड उत्तम, अनेकदा जास्त झणझणीत असते. फक्त चाळून घ्या, तंतू निघतील. मिक्स्ड स्पाइस म्हणजे दालचिनी, जायफळ, लवंग, धणे असा गोड पदार्थांसाठीचा तयार मसाला. शेजारीच 'ऑलस्पाइस'ची बाटली असते. नावावरून फसू नका, ते एकाच झाडाचं फळ आहे. आणि कृपा करून गरम मसाला घालू नका. त्यात जिरं असतं, मिरी असते. ट्रीकलबरोबर ते फार विचित्र लागतं. मिक्स्ड स्पाइस नसेल तर अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा जायफळ आणि दोन लवंगांची पूड, एवढ्यावर भागतं.

वेलची घालायचा मोह होईल. वर काजू-बदाम लावावेसे वाटतील. पहिल्या खेपेला तरी आवरा. वेलची ट्रीकलच्या कडवटपणाशी भांडते आणि काजू मुरता मुरता मऊ पडतात.

*पीठ.* सेल्फ रेझिंग फ्लारमध्ये बेकिंग पावडर आधीच असते. साधा मैदा वापरणार असाल तर १५० ग्रॅमला दीड चमचा बेकिंग पावडर घाला. सोडा दोन्ही वेळेला लागतोच, कारण ट्रीकलमध्ये आंबटपणा असतो आणि सोड्याचं काम त्याच्याशी आहे.

*चरबी.* शाकाहारी मंडळींनी इथे कान टवकारावेत. जुन्या पाककृतींमध्ये लोण्याऐवजी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, किंवा गोमांस भाजताना गळणारी चरबी असते. घरी करताना प्रश्न नाही, पण बेकरीतून किंवा कुणाच्या घरून आलेला पार्किन खाण्याआधी विचारून घ्या. पाकिटावरचे घटक वाचा. इथे विचारण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

*पाककृती.* 'ओटमील केक' असं शोधलंत तर अमेरिकन केक समोर येतो: चपटे ओट्स भिजवलेले, वर खोबरं. तो वेगळा पदार्थ आहे. तसंच पार्किन बिस्किटं हाही वेगळा प्रकार. शोधताना 'यॉर्कशायर पार्किन' असं पूर्ण लिहा.

४. भांडी आणि ओव्हन

वजनकाटा लागेलच. वाटीच्या मापाने ट्रीकल मोजायला जाल तर अर्धा वाटीलाच चिकटून राहील. शिवाय हवं जाड बुडाचं पातेलं, २० सेंटिमीटरचा चौकोनी टिन, लाकडी चमचा, विणायची सुई किंवा सळई, आणि मुरवण्यासाठी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. ख्रिसमसच्या बिस्किटांचा रिकामा डबा यासाठी आदर्श. मागच्या वर्षीचा टाकला नसेल तर बाहेर काढा. टिन २३ सेंटिमीटरचा असेल तर केक पातळ होईल. मग भाजायची वेळ पंधरा-वीस मिनिटांनी कमी करा.

कागद बेकिंग पार्चमेंटच घ्या. ग्रीसप्रूफ पेपर दिसायला तसाच आणि स्वस्त असतो, पण त्याला चिकट न होण्याचा लेप नसतो. ट्रीकलचा केक त्यावर असा बसतो की कागदासकट खावा लागेल.

भाड्याच्या घरांतले ओव्हन हे स्वतंत्र प्रकरण आहे. बटणांवरच्या खुणा पुसलेल्या असतात आणि दारावर शंभर आकडा दिसत असला तरी आत काय चाललंय ते देवाला ठाऊक. सामान्य विजेच्या ओव्हनला १५० अंश सेल्सिअस, पंख्याच्या ओव्हनला १३०, गॅसच्या ओव्हनला मार्क २. मागच्या भिंतीत गोल जाळी दिसली आणि सुरू केल्यावर घरघर ऐकू आली, तर तो पंख्याचा. ओव्हनच्या आत टांगायचा तापमापक फार महाग नसतो, घेऊन ठेवा. पार्किनमध्ये पाक एवढा असतो की वीस अंश जास्त झाले तरी कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो.

५. पातेल्यात वितळवणं

ओव्हन तापत ठेवा. टिनला लोण्याचा हात फिरवून कागद घाला, दोन बाजूंनी कागद वर येऊ द्या. नंतर त्याला धरूनच केक उचलायचा आहे.

पातेलं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. आधी लोणी आणि साखर, मग पुन्हा शून्य करून सिरप, पुन्हा शून्य करून ट्रीकल. अशाने चमचे-वाट्या बरबटत नाहीत. थंडीत ट्रीकल डब्यातून हलत नाही. झाकण काढून डबा दहा मिनिटं गरम पाण्याच्या भांड्यात उभा करा. बंद डबा गरम करू नका आणि पत्र्याचा डबा मायक्रोवेव्हमध्ये अजिबात ठेवू नका.

आता मंद आच. लोणी आधी वितळतं आणि वर पिवळा थर धरतं. खाली ट्रीकल काळा, सुस्त पडून असतो. चमचा तळाशी नेऊन हळू ढवळलं की काळे पट्टे लोण्यात चढायला लागतात आणि पाहता पाहता सगळं एकसारखं, चकचकीत होतं. तिथेच थांबा. उकळी येऊ द्यायची नाही. पाक उकळला तर केक टॉफीसारखा कडक होतो आणि कितीही मुरवला तरी सुधारत नाही. साखरेचे थोडे कण राहिले तरी चालतील.

६. ओटमील भिजवा, मग बाकीचं

पातेलं खाली उतरवून त्यात ओटमील घाला, ढवळा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. बऱ्याच पाककृतींमध्ये ही विश्रांती नसते, सगळं कोरडं एकदम घालतात. मला हे जास्त पटतं. भरड्याला गरम पाक पिऊन घ्यायला वेळ मिळतो आणि तोवर मिश्रण अंड्याच्या सोयीचं थंड होतं. सोडा अजून पडलेला नसल्यामुळे त्याचा जोरही वाया जात नाही.

मिश्रणात बोट बुडवून पाहा. कोमट लागलं की अंडं दुधात फेटून घाला. गरम असताना घातलंत तर पातेल्यात भुर्जीचे पांढरे धागे दिसतील. दही घालणार असाल तरी तेच, गरमात दही फाटतं.

मग मैदा, सुंठ, मसाला, सोडा, मीठ एकत्र चाळून वरून घाला आणि कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंतच ढवळा. मिश्रण सैल दिसेल, भज्यांच्या पिठाइतकं. काहीतरी चुकलं असं वाटून वरून आणखी मैदा घालू नका. ते असंच असायला हवं. उरलेलं पाणी ओटमील ओढून घेतं. लगेच टिनात ओता. सोडा कामाला लागलेला असतो, फोन घ्यायला थांबू नका.

७. भाजणं

मधल्या कप्प्यात ठेवा. पहिली ४५ मिनिटं दार उघडायचं नाही. एकूण वेळ ६० ते ७५ मिनिटं. तासाभराने मध्यभागी बोटाने हलकं दाबा: उसळून वर आलं तर झालं, खड्डा राहिला तर आणखी दहा मिनिटं. सुई खुपसली तर तिला थोडे ओलसर कण लागलेले चालतील, ओलं पीठ नको. अगदी कोरडी सुई येईपर्यंत भाजलात तर जास्त भाजला म्हणून समजा.

रंगावरून अंदाज काढू नका. मिश्रण आधीपासूनच काळपट असतं. वास मात्र सांगतो. सुंठीचा वास स्वयंपाकघराबाहेर येऊ लागला की वेळ जवळ आली. करपलेल्या साखरेची झाक आली तर उशीर झाला.

टिनातच पूर्ण गार होऊ द्या. गरम काढायला गेलात तर मधून तुटेल.

८. मुरवणं

गार झालेला केक न कापता, कागदासकट, वरून आणखी एक पार्चमेंट आणि मग फॉइल गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा फ्रिजबाहेर, थंड कपाटात. फ्रिजमध्ये केक मुरत नाही, वाळतो.

पहिल्या दिवशी तो कोरडा, वरून थोडा कुरकुरीत असतो आणि सुंठ एकटीच पुढे येते. दुसऱ्या दिवशीही फारसा फरक नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डबा उघडाल तेव्हा वरचा पापुद्रा गेलेला असतो, पृष्ठभागावर मंद चकाकी आलेली असते आणि बोट टेकवलं तर ठसा उमटून बोटाला चिकटा लागतो. सुंठ, ट्रीकल, लवंग यांच्या वेगवेगळ्या चवी आता एक झालेल्या असतात. याला कारण पाकातली साखर. सिरप आणि ट्रीकलमध्ये फ्रुक्टोजचा अंश भरपूर असतो आणि फ्रुक्टोज पाणी धरून ठेवतं. आतला ओलावा हळूहळू कडांकडे आणि वरच्या थराकडे पसरतो, ओटचे कण आणखी फुगून मऊ होतात.

घरात मुलं असतील तर डबा नजरेआड ठेवा. मोठ्यांचाही भरवसा नको. 'फक्त कोपरा' कापला की कापलेली बाजू वाळायला लागते आणि दुसऱ्या दिवशी दुसरा कोपरा जातो.

घट्ट डब्यात दोन आठवडे सहज टिकतो. जास्त दिवस ठेवायचा तर मुरल्यावर तुकडे करून फ्रीझरमध्ये टाका.

९. कापणं, नेणं, खाणं

४ तारखेला रात्री कापा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकेक काप. चार उभे, चार आडवे भाग केले की ५ सेंटिमीटरचे १६ तुकडे होतात. तुकड्यांच्या थरांमध्ये कागद घाला, नाहीतर डब्यात एकच ढेकूळ तयार होईल.

ऑफिसात किंवा शाळेत नेणार असाल तर डब्यावर चिठ्ठी लावा: गहू, ओट, दूध, अंडं. इथे ॲलर्जीबद्दल लोक फार काटेकोर असतात. शाळेच्या जत्रेत विकायला ठेवणार असाल तर घरचा केक घेतात का, ते आधी विचारा. काही शाळा फक्त पाकिटबंद पदार्थ घेतात.

चव घेताना प्रत्येक जण आपल्या आजीच्या पार्किनशी तुलना करील, त्याला इलाज नाही. कुणी म्हणेल सुंठ कमी, कुणी म्हणेल आमच्याकडे इतका काळा नसतो. असं म्हणणारा माणूस बहुतेक लँकेशायरचा: तिकडे ट्रीकल कमी आणि सिरप जास्त घालायची पद्धत, त्यामुळे पार्किन फिकट आणि जास्त गोड. लीड्समध्ये असताना तोच बरा असं उघडपणे म्हणू नका. उगाच यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांमधल्या पंधराव्या शतकातल्या 'गुलाबांच्या लढाया' पुन्हा सुरू व्हायच्या.

शेकोटीपाशी तो तसाच, हातात धरून खातात, सोबत थर्मासमधला कडक चहा. हातमोजे काढून खा; लोकरीला चिकटलेला पार्किन निघत नाही. घरी खायचा तर तुकडा किंचित गरम करून वर कस्टर्ड घालतात. आपल्या आल्याच्या चहाबरोबर मात्र नको, दोन्हीकडून सुंठ-आलं होतं. साधा दुधाचा चहा घ्या.

बिघडलं तर

मध्ये थोडं खचलं: चालतं, पार्किन अनेकदा किंचित खचतो. खोल खड्डा पडला तर सोडा जास्त झाला किंवा दार लवकर उघडलं.

पाच दिवसांनीही कोरडा: जास्त भाजला गेला. डब्यात सफरचंदाची एक फोड कागदावर ठेवून झाकण लावा, एका रात्रीत ओलावा येतो. फोड दुसऱ्या दिवशी काढून टाका, नाहीतर बुरशी धरेल.

दगडासारखा कडक: पाक उकळला होता. याचे छोटे तुकडे करून गरम कस्टर्डमध्ये भिजवा आणि पुडिंग म्हणून खपवा.

सोड्याची साबणासारखी चव: मोठा चमचा पडला. याला काही करता येत नाही.

भारतात करायचा असेल तर

पुण्या-मुंबईत कुणाला करून पाहायचा असेल तर स्टील-कट ओट्स (चपटे न करता नुसते कापलेले दाणे) आणून मिक्सरमध्ये जाड रव्याइतके भरडा. ट्रीकलच्या जागी आयात मालाच्या दुकानातलं साधं मोलॅसेस, सिरपच्या जागी काकवी. काकवी पातळ असल्यामुळे दूध ५० मिलिलिटरवर आणा. मुंबईच्या दमट हवेत पार्किन चार दिवसांत मुरतो. त्यापुढे बाहेर ठेवायची जोखीम घेऊ नका, तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा. दिवाळीच्या फराळात चकलीशेजारी तो अगदीच परका वाटत नाही, सुंठ आणि गुळाची चव आपल्या ओळखीचीच.

उरलेला ट्रीकल

१०० ग्रॅम काढल्यावर डब्यात साडेतीनशे ग्रॅम उरतो. डब्याची कड गरम ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय झाकण लावू नका. पुसली नाही तर पुढच्या ऑक्टोबरात ते चमच्याच्या दांड्यानेही उघडणार नाही. नाताळचा फ्रूट केक करणार असाल तर दोन चमचे त्यात जातील. नाहीतर नोव्हेंबर संपायच्या आत दुसरा पार्किन लावा. शेकोटी नसली तरी लोक तो खातात.